छोट्या कारखान्यात माणूस घ्यायचाय? मुलाखत अशी घ्या

भोसरी, वाळूज किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतला पंधरा माणसांचा कारखाना. सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर अचानक सोडून गेलाय, ऑर्डर तोंडावर आहे आणि गेटवर तीन मुलं फाइल घेऊन उभी आहेत. अशा वेळी मुलाखत बहुतेकदा दोन वाक्यांत आटोपते: ‘आधी कुठं होतास? बरं, उद्यापासून ये.’ मोठ्या कंपनीत चुकीचा माणूस हजारात खपून जातो. पंधरा जणांत तो रोज जाणवतो. म्हणून मुलाखत नीट घेण्याची गरज छोट्या मालकालाच जास्त आहे, आणि हे काम शिकता येतं.

आधी काम कागदावर उतरवा

‘ऑपरेटर पाहिजे’ एवढ्यावर भागत नाही. जॉब, म्हणजे घडवायचा भाग, मशीनवर लावणं-काढणं एवढंच करायचंय की मशीनचं सेटिंगही? मशीनचा कंट्रोल फनुक कंपनीचा आहे की सिमेन्सचा? रात्रपाळी आहे का? यातलं पहिल्या दिवसापासून काय यायलाच हवं आणि काय आपण महिन्याभरात शिकवू शकतो, याच्या दोन वेगळ्या याद्या करा. दुसरी यादी लांबली तर चांगलंच, कारण तेवढी जास्त माणसं तुमच्या दारात येतील. पगारही फोनवरच सांगून टाका: पीएफ वगैरे कापून हातात किती पडणार, तो आकडा. लातूरहून रात्रीचा प्रवास करून आलेल्या मुलाला शेवटी पगार ऐकून परत जावं लागू नये.

प्रश्न ठरवून ठेवा आणि सगळ्यांना तेच विचारा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. 1998 साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी संशोधकांनी नोकरभरतीवरच्या 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. ठरलेले प्रश्न विचारून, गुण देऊन घेतलेल्या मुलाखतीवरून माणूस पुढे कसं काम करेल याचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा चांगला येतो, असं त्यात दिसलं. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा अशी मुलाखत सगळ्या पद्धतींमध्ये वरच्या क्रमांकावर आली. नुसती ‘अनुभव किती वर्षांचा’ ही माहिती दोन्ही वेळा फारशी कामाची ठरली नाही. आपण मात्र जाहिरातीत पहिल्यांदा तेच लिहितो.

प्रश्न घडून गेलेल्या गोष्टींबद्दल असावेत. ‘टेन्शनमध्ये काम जमतं का?’ याला कोणीही ‘हो’च म्हणेल. त्याऐवजी विचारा: ‘तुमच्या हातून शेवटचा जॉब रिजेक्ट झाला तेव्हा नेमकं काय झालं होतं? तुम्ही काय केलं?’ उत्तरात ‘आम्ही केलं, आम्ही पाहिलं’ असं येत राहिलं, तर ‘त्यात तुमचं काम कोणतं होतं?’ असं शांतपणे विचारा. मग थांबा. माणूस आठवत असतो, ती शांतता आपण बोलून भरायची नाही. असे पाच-सहा प्रश्न पुरतात.

हातात काम द्या

ऑपरेटरला एक ड्रॉइंग, एक तयार जॉब आणि मायक्रोमीटर द्या. मोजमाप बरोबर येतंय का, हे तर पाहायचंच. पण मोजण्याआधी तो जॉब पुसतो का, मायक्रोमीटरचं शून्य जुळतंय का हे बघतो का, याकडे जास्त लक्ष ठेवा. ही सवय लगेच शिकवून येत नाही. अकाउंटंट हवी असेल तर विचारा: ‘खरेदीचं बिल आपल्याकडे आहे, पण जीएसटीच्या महिन्याच्या टू-बी विवरणात दिसत नाही. तुम्ही काय कराल?’ जिने हे काम खरंच केलंय, ती पुरवठादाराला फोन लावण्यापासून पुढच्या महिन्यात भरलेल्या कराचं क्रेडिट घेण्यापर्यंत सगळं सांगेल. चाचणी वीस मिनिटांत संपावी. पूर्ण दिवस काम करवून पाहायचं असेल, तर त्या दिवसाची मजुरी द्या. चाचणीच्या नावाखाली फुकट काम करून घेणं अन्याय आहे.

हे विचारू नका

‘मूळ गाव कोणतं?’, ‘आडनाव काय म्हणालात?’ हे आपल्याकडे सहज विचारलं जातं, आणि समोरच्याला त्यामागचा जातीचा प्रश्न लगेच कळतो. कामाशी त्याचा संबंध नाही, म्हणून तो विषयच नको. मुलींना ‘लग्न कधी करणार?’ हेही नको. भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायला 1976 च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती मनाई आहे. तुमची खरी अडचण वेळेची असेल, तर वेळेचंच विचारा: ‘महिनाअखेरीला रात्री आठपर्यंत थांबावं लागतं, जमेल?’ पुरुष उमेदवारालाही हेच विचारा.

इंग्रजीचंही तसंच. मशीनवर काम करणाऱ्या मुलाला ‘इंट्रोड्यूस युवरसेल्फ’ म्हणून गडबडवून टाकलं, तर त्याची भीती कळेल, हात कसा आहे ते कळणार नाही. तो ज्या भाषेत मोकळा होतो, त्या भाषेत बोला.

मुलाखतीच्या दिवशी

दिलेली वेळ पाळा, बसायला खुर्ची आणि पाणी द्या, फोन बंद ठेवा. शेवटची दहा मिनिटं त्याच्या प्रश्नांसाठी ठेवा. ओव्हरटाइमचे पैसे वेळेवर मिळतात का, असं विचारणारा उमेदवार आगाऊ नसतो. त्याला खरं उत्तर द्या.

तो बाहेर पडल्याबरोबर प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी गुण लिहा. फोरमन सोबत असेल तर त्याने त्याचे गुण वेगळ्या कागदावर लिहावेत, आणि तुम्ही मत सांगण्याआधी. मालकाने ‘पोरगा बरा वाटला’ म्हटल्यावर फोरमन वेगळं बोलत नाही. ओळखीतून आलेल्या माणसालाही हेच प्रश्न आणि हीच चाचणी. मेहुण्याने पाठवलाय म्हणून यातलं काही गाळू नका.

निवड झाल्यावर

आधीच्या सुपरवायझरकडे चौकशी करायची तर उमेदवाराला विचारून करा, आणि तो सध्या जिथे काम करतोय तिथे तर परस्पर फोन करूच नका, त्याची असलेली नोकरी जाईल. मूळ प्रमाणपत्रं पाहून लगेच परत द्या, अडकवून ठेवू नका. पगार, पाळी आणि रुजू होण्याची तारीख लेखी द्या. ज्यांना घेतलं नाही त्यांनाही दोन दिवसांत कळवा, एक मेसेज पुरतो. फक्त दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला थांबायला जमेल का ते विचारून ठेवा, कारण निवडलेला माणूस ठरल्या दिवशी येतोच असं नाही.