स्लो कुकरमधला ग्लूटेन-फ्री बीफ स्ट्यू: या चुका टाळा

पहिल्यांदा ग्लूटेन-फ्री, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं ग्लूटेन हे प्रथिन टाळून, स्ट्यू केला तेव्हा मी डोकं फार चालवलं नव्हतं. नेहमीच्या कृतीत मांसाचे तुकडे मैद्यात घोळवायचे होते, मी ते कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवले. बाकी सगळं तसंच. सकाळी स्लो कुकर (तासन्‌तास मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं) लावला, संध्याकाळी झाकण काढलं. मांस चमच्याने तुटेल इतकं मऊ आणि त्याच्याभोवती राखाडी पाणी. वर चरबीचा पिवळट तवंग, तळाशी बुळबुळीत साका. चव वाईट नव्हती, पण त्याला स्ट्यू म्हणायला जीभ रेटेना.

दोष कॉर्नफ्लोअरचा नव्हता. मैदा स्ट्यूमध्ये एकटा तीन कामं करतो: मांसाची ओल शोषून त्यावर खरपूस कवच आणतो, रस्सा दाट करतो आणि सुटलेली चरबी त्या दाटपणात धरून ठेवतो. मैदा काढून त्याच जागी, त्याच वेळी दुसरं पीठ टाकलं की ही तिन्ही कामं होतील, असं आपण धरून चालतो. ती होत नाहीत. प्रत्येक कामाची वेगळी सोय करावी लागते. ती केली की बाकीचं सोपं आहे.

दाटपणा सुरुवातीलाच आणायला जाणं

कॉर्नफ्लोअरचे कण गरम पाण्यात फुगतात आणि रस्सा दाट होतो. पण तासन्‌तास शिजत राहिलं, त्यात टोमॅटो किंवा वाइनचा आंबटपणा असला आणि अधूनमधून डाव फिरला, की हे फुगलेले कण फुटतात आणि दाटपणा उतरतो. बटाट्याचा स्टार्च तर याहून नाजूक. म्हणून ही पिठं शेवटी घालायची.

साधारण अर्धा लिटर रश्शाला 2 मोठे चमचे कॉर्नफ्लोअर 3 चमचे थंड पाण्यात कालवून घ्यायचं. थंडच, कारण गरम रश्शात कोरडं पीठ पडलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. हे मिश्रण कुकरमध्ये ओतून ‘हाय’ या जास्त आचेच्या सेटिंगवर 20-30 मिनिटं ठेवा, असं बऱ्याच कृती सांगतात. चालतं, पण माझा त्यावर पूर्ण भरवसा नाही. कॉर्नफ्लोअर नीट दाट व्हायला रस्सा जवळजवळ उकळावा लागतो आणि काही कुकर तिथवर पोचायला फार वेळ लावतात. मी रस्सा गाळून पातेल्यात काढते, गॅसवर उकळी आणते, कालवलेलं पीठ धारेने सोडते आणि ढवळत मिनिटभर शिजू देते. डाव उचलल्यावर त्याच्या पाठीवर पातळ थर राहिला पाहिजे आणि त्यातून बोट फिरवल्यावर उमटलेली रेघ लगेच बुजता कामा नये. तेवढं झालं की रस्सा परत मांसावर.

स्ट्यू डीप फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर टॅपिओकाचा स्टार्च वापरा. कॉर्नफ्लोअरचा रस्सा गोठवून पुन्हा गरम केला की फाटल्यासारखा होतो, पाणी वेगळं सुटतं. आणि पीठच नको असेल तर शिजलेल्या बटाट्याच्या चार फोडी रश्शात कुस्करून टाका. हा उपाय लोक कमीपणाचा का मानतात कोण जाणे. मला तरी तोच सगळ्यात आवडतो.

पाणी नेहमीच्या अंदाजाने घालणं

उघड्या पातेल्यात पाणी आटतं. स्लो कुकरमध्ये वाफ झाकणाला लागते आणि थेंब होऊन परत खाली पडते, वर मांस आणि भाज्याही आपलं पाणी सोडतात. एक किलो मांसाला 400 ते 500 मिली स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) पुरे. तुकडे पूर्ण बुडाले नाहीत तरी बिघडत नाही. वाइन घालायची असेल तर आधी गॅसवर निम्मी आटवून घ्या, नाहीतर बंद झाकणाखाली तिचा कच्चा वास तसाच राहतो.

मांस न परतता टाकणं

मैद्याशिवायही मांस छान खरपूस होतं, फक्त ते कोरडं हवं. तुकडे कागदी टॉवेलने टिपा, चांगल्या तापलेल्या तव्यावर थोड्या तेलात टाका आणि एका वेळी थोडेच टाका. गर्दी केली की मांसातून पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी उकडतं. तव्यावर टाकल्यावर ‘चर्र’ आवाज यायला हवा. नुसती बुडबुड ऐकू आली तर दोन-तीन तुकडे बाहेर काढा. शेवटी तव्यात थोडा स्टॉक ओतून तळाशी चिकटलेलं सगळं खरवडून घ्या आणि कुकरमध्ये टाका. स्लो कुकर शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे ही चव आत आपोआप तयार होत नाही.

महागडं, बिनचरबीचं मांस आणणं

स्टेकचं मांस इथे वाया जातं. खांद्याचा, पायाच्या नळीचा किंवा छातीचा भाग घ्या. त्यातल्या चिवट धाग्यांमधलं कोलॅजेन सावकाश शिजून जिलेटिन होतं आणि रश्शाला ओठांना चिकटणारा गुळगुळीतपणा येतो. मैद्याची उणीव थोडीफार इथेच भरून निघते.

सहा तासांनी मांस चिवट लागलं की बरेच जण ‘जास्त शिजलं’ म्हणून कुकर बंद करतात. नेमकं उलट असतं! कोलॅजेन अजून विरघळलेलं नसतं. ‘लो’वर आणखी तास-दीड तास द्या. ‘लो’ आणि ‘हाय’ दोन्ही शेवटी जवळपास एकाच तापमानाला पोचतात, फरक पोचायच्या वेळेचा. ‘लो’वर 8 तास, ‘हाय’वर 4 ते 5. मधेमधे झाकण उघडून बघायचा मोह आवरा, दरवेळी 20 ते 30 मिनिटं वाढतात.

ग्लूटेन फक्त पिठातच असतं असं समजणं

घरात कोणाला सीलिअॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर हा भाग वरच्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा. चव बिघडली तर एक जेवण बिघडतं, इथे माणूस आजारी पडतो.

ग्लूटेन गहू, बार्ली आणि राय या तिन्ही धान्यांत असतं. म्हणून पाकिटावर ‘गहू नाही’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही. स्ट्यूमध्ये ते हमखास शिरतं ते स्टॉक क्यूबमधून, म्हणजे पाण्यात विरघळवून स्टॉक करायच्या तयार वडीतून. मी एकदा सगळं नीट जमवलं, मांस परतलं, भाज्या चिरल्या आणि क्यूब टाकून झाल्यावर कागद सरळ करून वाचला. चौथ्या ओळीत बारीक अक्षरात गव्हाचं पीठ. तो स्ट्यू मी एकटीने चार दिवस खाल्ला.

सोया सॉस बहुधा गव्हाचा असतो. वूस्टरशर सॉस एका देशात साध्या व्हिनेगरचा तर दुसऱ्या देशात बार्लीच्या माल्ट व्हिनेगरचा मिळतो. बिअर बार्लीची. तयार मसाल्याच्या पाकिटात दाटपणासाठी पीठ असू शकतं. ‘माल्ट’ (बहुधा मोड आणलेली बार्ली) हा शब्द दिसला की थांबा. आणि कॉर्नफ्लोअरचंही पाकीट वाचा, कारण काही देशांत गव्हापासून केलेला स्टार्चसुद्धा याच नावाने विकला जातो.

आठ तास शिजवल्यावर ग्लूटेन ‘मरतं’ हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. ते प्रथिन आहे, जंतू नव्हे. शिजवून ते जात नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकानुसार ग्लूटेन-फ्री पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. एवढ्या मर्यादेत ब्रेडचा चुरासुद्धा जड पडतो. म्हणून मैद्यात वापरलेला लाकडी चमचा नको, ज्या ओट्यावर नुकतं पीठ मळलं तिथे भाज्या चिरायच्या नाहीत. वाढताना साधा ब्रेड कुकरपासून लांब ठेवा. कोणीतरी ब्रेड बुडवलेल्या वाटीत डाव टेकवतो, तोच डाव परत भांड्यात जातो आणि दिवसभराची मेहनत पाण्यात.

भाज्या आणि बाकी किरकोळ

गाजर आणि बटाटा मांसापेक्षा हळू शिजतात. ते तळाशी आणि कडेला लावा, मांस वर. टोमॅटो जास्त झाला तर आंबटपणामुळे भाज्या कडक राहतात. मटार शेवटच्या 15 मिनिटांत, क्रीमही शेवटीच. मीठ अखेरीस चाखून घाला, स्टॉकमध्ये ते आधीच असतं.

लाल राजमा घालायची हौस असेल तर तो आधी भिजवून, ते पाणी फेकून, गॅसवर खळखळ उकळून घ्या. किमान 10 मिनिटं, जास्त उकळला तर चांगलंच. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि स्लो कुकरच्या मंद आचेवर ते नष्ट होत नाही.

गोठलेलं मांस थेट कुकरमध्ये नको. 5 ते 60 अंश सेल्सियसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात आणि बर्फासारखा गोळा त्या टप्प्यात फार वेळ रेंगाळतो. आदल्या रात्री फ्रिजमध्ये सुटू द्या. उरलेला स्ट्यू दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर गरम करा, स्लो कुकरमध्ये नाही. सकाळी चरबी वर घट्ट गोठलेली असते, ती चमच्याने उचलून टाका. तवंग काढायला याहून सोपी युक्ती मला अजून सापडलेली नाही.