कापसाच्या काट्यावर तोललेली बॅग

मागच्या दिवाळीत पोरीकडे बंगळुरूला जाताना नागपूरच्या विमानतळावर माझी बॅग 10 किलो 400 ग्रॅम भरली. हातात न्यायची मर्यादा 7 किलो. जास्तीचे पैसे भरावे लागले. लाल तिखटाची पुडीही तपासणीत काढून ठेवली. तिखट हातातल्या बॅगेत चालतच नाही.

यंदा निघायच्या आदल्या रात्री वेचणीचा कापूस मोजायचा टांगता काटा घरात आणला. आधी चाकांची बॅग रिकामीच अडकवली: 3 किलो 100! म्हणजे जवळपास निम्मी मर्यादा बॅगच खात होती. ती ठेवून दिली, अर्ध्या किलोची कापडी बॅग घेतली. मग एकेक वस्तू टाकायची नि काट्याकडे बघायचं. जीन्सच्या जागी दोन सुती पायजमे, जाड बूट पायात, स्वेटर अंगात. घरची तूरडाळ मात्र सोडली नाही, पुरी 2 किलो घेतली. पोरीला आपल्या वावरातल्या डाळीचंच वरण लागतं. कुरड्या हलक्या, पण जागा फार घेतात. डब्यात भरून कपड्यांच्या मधोमध ठेवल्या, एकही मोडली नाही. लोणचं नि तिखट कुरिअरनं पाठवलं.

काटा 6 किलो 700 वर थांबला. विमानतळावरही तेवढंच भरलं.