प्रोस्टेटला सूज आल्यास: प्रकार कसा ओळखावा, तपासण्या कोणत्या कराव्यात आणि उपचार कसा घ्यावा

लघवीला जळजळ होणे, पुन्हापुन्हा लघवीला जावे लागणे, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत ठणका लागणे, ओटीपोट जड वाटणे, वीर्यस्खलनाच्या वेळी किंवा त्यानंतर दुखणे, अशी लक्षणे तिशी-चाळिशीतल्या पुरुषाला जाणवू लागली की तो बहुधा आधी उन्हाळी लागली असेल असे समजून सब्जाचे किंवा धन्या-जिऱ्याचे पाणी पितो, मग औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या आणतो आणि तरीही त्रास राहिला तर संकोचाने गप्प बसतो. यांपैकी सर्वाधिक नुकसान गोळ्यांच्या टप्प्यावर होते. लघवीची तपासणी होण्याआधीच प्रतिजैविक पोटात गेले की जंतू असले तरी अहवालात दिसत नाहीत, आणि आजार नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवणे पुढे महिनोन्‌महिने अवघड होऊन बसते. म्हणून या संपूर्ण लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही: प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी लघवीचे कल्चर, म्हणजे लघवीतील जंतू वाढवून ते ओळखण्याची तपासणी, करून घ्यावे.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते. मूत्रमार्ग तिच्या मधूनच जातो, त्यामुळे तिला सूज आली की लघवीच्या तक्रारी आल्याच. वीर्यातील द्रवाचा काही भाग ही ग्रंथी तयार करते. तिच्या सुजेला प्रोस्टेटायटिस म्हणतात. पन्नाशीनंतर वयोमानाने प्रोस्टेट वाढते तो आजार वेगळा आणि प्रोस्टेटचा कर्करोग वेगळा. प्रोस्टेटायटिस या दोहोंपेक्षा निराळा असून तो तरुण आणि मध्यमवयीन पुरुषांतही सर्रास आढळतो.

आधी प्रकार ठरवावा

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९० च्या दशकात केलेले चार प्रकारांचे वर्गीकरण आजही वापरले जाते. पहिला प्रकार म्हणजे जंतुसंसर्गाने अचानक येणारी तीव्र सूज. दुसरा म्हणजे जंतू ग्रंथीतच ठाण मांडून राहिल्यामुळे वारंवार उलटणारा जुनाट संसर्ग. तिसऱ्या प्रकारात गेल्या सहा महिन्यांपैकी किमान तीन महिने ओटीपोटात किंवा जननेंद्रियांच्या भागात वेदना असतात, परंतु नेहमीच्या तपासण्यांत जंतू सापडत नाहीत. याला दीर्घकालीन श्रोणीवेदना असे म्हणता येईल. चौथ्या प्रकारात रुग्णाला काहीच त्रास नसतो. वंध्यत्वाच्या तपासणीत किंवा बायोप्सीत सूज योगायोगाने आढळते आणि तिला सहसा औषध लागत नाही.

दहापैकी नऊहून अधिक रुग्ण तिसऱ्या प्रकारात मोडतात, आणि तरीही बहुतेकांवर उपचार मात्र पहिल्या-दुसऱ्या प्रकाराचे होतात. हीच या आजाराच्या उपचारातील मुख्य अडचण आहे.

थंडी वाजून ताप आला असेल तर

लघवीच्या तक्रारींबरोबर हुडहुडी भरून ताप, अंगदुखी आणि मळमळ असेल, किंवा लघवी तुंबली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे, सकाळपर्यंतही थांबू नये. हा संसर्ग रक्तात पसरू शकतो. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने तपासतात तेव्हा प्रोस्टेट गरम, टणक आणि अत्यंत दुखरी लागते. या अवस्थेत ती दाबून चोळायची नसते, कारण त्यामुळे जंतू रक्तात जाण्याचा धोका असतो. लघवीचा आणि आवश्यकता असेल तर रक्ताचा नमुना कल्चरसाठी घेऊन, अहवालाची वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविके सुरू केली जातात. ताप उतरल्यावर गोळ्यांवर आणले जाते आणि एकूण उपचार साधारणपणे दोन ते चार आठवडे चालतो. दोन-तीन दिवसांत बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. ग्रंथीत उरलेले जंतूच पुढे जुनाट संसर्गाला कारण होतात.

उपचार सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले तरी ताप हटत नसेल, तर ग्रंथीत गळू झाले असण्याची शक्यता असते. मधुमेहींमध्ये हे विशेषकरून दिसते. अशा वेळी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून पू बाहेर काढावा लागतो. ज्यांनी कधीच साखर तपासलेली नाही, त्यांनी या निमित्ताने ती तपासून घ्यावी.

कल्चर कसे द्यावे आणि अहवाल कसा वाचावा

प्रयोगशाळेकडून निर्जंतुक डबी आणावी. हात आणि शिश्नाचा पुढचा भाग धुवून, लघवीची पहिली धार सोडून द्यावी आणि मधली धार डबीत घ्यावी. डबीच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. नमुना तास-दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवावा. ते शक्य नसेल तर तो तोवर फ्रिजमध्ये ठेवावा. साध्या लघवी तपासणीचा अहवाल त्याच दिवशी मिळतो, कल्चरला मात्र दोन-तीन दिवस लागतात. जुनाट संसर्गाची शंका असल्यास मूत्ररोगतज्ज्ञ प्रोस्टेट हलकेच चोळण्यापूर्वी आणि नंतर असे लघवीचे दोन नमुने घेतात. फक्त दुसऱ्या नमुन्यात जंतू आढळले किंवा पहिल्यापेक्षा बरेच जास्त आढळले, तर ते प्रोस्टेटमधून आले असे समजते.

अहवालात जंतूचे नाव असते, बहुतेक वेळा ते ई. कोलाय असते, आणि त्याखाली औषधांची यादी असते. औषधापुढे एस असेल तर ते त्या जंतूवर लागू पडते, आर असेल तर पडत नाही. परंतु यादी वाचून स्वतःच औषध निवडू नये, आणि याला सबळ कारण आहे. नायट्रोफ्युरँटॉइन हे मूत्राशयाच्या संसर्गावर नेहमी दिले जाणारे औषध अहवालात एस दिसले, तरी ते प्रोस्टेटच्या पेशीजालात पुरेशा प्रमाणात पोचत नाही. रुग्णाची लघवी चार दिवस स्वच्छ होते आणि महिन्याभरात तोच जंतू परत येतो. ग्रंथीत नीट शिरणारी औषधे थोडीच आहेत. त्यांपैकी फ्लुरोक्विनोलोन गटातील गोळ्या, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन, मुख्य आहेत. त्या न चालल्यास को-ट्रायमॉक्साझोल किंवा फॉस्फोमायसिन यांचा विचार होतो. जुनाट संसर्गात हा उपचार चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ चालतो. भारतात फ्लुरोक्विनोलोनना न जुमानणारे ई. कोलाय फार वाढले आहेत, म्हणून अंदाजाने गोळी सुरू करणे येथे अधिकच चुकीचे ठरते. या गोळ्या घेताना टाचेच्या वरच्या जाड स्नायुबंधात दुखू लागले, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावे. स्नायुबंध तुटण्याचा धोका या गटात असतो.

लघवीत पूपेशी भरपूर आणि कल्चरमध्ये मात्र काहीच वाढ नाही, असे वारंवार होत असेल, तर आपल्याकडे क्षयरोगाचा विचार केलाच पाहिजे. त्यासाठी सलग तीन दिवस पहाटेची पहिली लघवी तपासणीला देतात. फ्लुरोक्विनोलोन क्षयाच्या जंतूंनाही अर्धवट दाबतात, त्यामुळे ती गोळी पुन्हापुन्हा घेतलेल्या रुग्णाचे निदान लांबत जाते. क्षयरोगाची औषधे सरकारी कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात.

जंतू सापडत नाहीत तेव्हा

तिसऱ्या प्रकारच्या रुग्णाला सर्वाधिक समजावून सांगावे लागते, कारण त्याचे सगळे अहवाल चांगले असतात आणि दुखणे खरे असते. अहवाल नॉर्मल आल्यावर 'हे मनाचे खेळ आहेत' असे सांगून त्याला परत पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. सूज, ओटीपोटाच्या तळातील स्नायूंचा ताठरपणा, मज्जातंतूंची वाढलेली संवेदनशीलता आणि सततची काळजी यांपैकी काही गोष्टी एकत्र येऊन ही वेदना टिकते, आणि प्रत्येक रुग्णात त्यांचे प्रमाण वेगळे असते. त्यामुळे सर्वांना लागू पडेल अशी एक गोळी येथे नाही.

आजार नवा असेल आणि आधी प्रतिजैविक झाले नसेल, तर डॉक्टर एकदा चार ते सहा आठवड्यांचा कोर्स देऊन पाहतात. त्याने फरक पडला नाही, तर दुसरे, तिसरे प्रतिजैविक मागू नये. दीर्घकाळ त्रास असलेल्या रुग्णांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लघवीची वाट सैल करणारे टॅमसुलोसिन ही दोन्ही औषधे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. तरीही लघवीची धार बारीक असेल, अडखळत होत असेल, तर टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन किंवा सिलोडोसिन यांचा काहींना उपयोग होतो. ही औषधे चालू असताना अंथरुणातून एकदम उठू नये, चक्कर येऊ शकते. आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर नेत्रतज्ज्ञांना या गोळीबद्दल आधीच सांगावे, कारण तिच्यामुळे शस्त्रक्रियेत बाहुली नीट विस्फारत नाही. वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी ठीक, परंतु मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा विकार असलेल्यांनी त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मज्जातंतूंची वेदना प्रबळ असल्यास कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीन दिले जाते. त्याने लघवी अडू शकते, म्हणून वयस्कर रुग्णांत ते जपून वापरतात.

माझ्या मते या प्रकारात सर्वांत दुर्लक्षित उपचार म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी. अनेकजण इंटरनेटवर पाहून केगेलचे व्यायाम सुरू करतात. हे स्नायू आधीच आवळलेले असताना ते आणखी आवळण्याचा व्यायाम केला की दुखणे वाढते. येथे सैल सोडायला शिकायचे असते: पाठीवर पडून गुडघे दुमडावेत, श्वास पोटात घ्यावा आणि श्वास घेताना वृषणामागची जागा खाली सैलावते आहे याकडे लक्ष द्यावे. दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. हा विषय जाणणारा फिजिओथेरपिस्ट मिळाला तर त्याच्याकडून शिकणे अर्थातच उत्तम. त्याच्या जोडीला टबात किंवा मोठ्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसल्याने ताठरपणा उतरतो. बद्धकोष्ठता टाळावी, चहा, कॉफी, मद्य आणि तिखट यांपैकी कशाने त्रास वाढतो ते पाहून ते कमी करावे, आणि दुचाकीवर किंवा खुर्चीवर तासन्‌तास बसावे लागत असेल तर मधूनमधून उठावे. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडते, हेही ध्यानात असू द्यावे.

शौचाला जोर केल्यावर पांढरट चिकट द्रव आला की 'धात जाते' या भीतीने तरुण मुले खचून जातात आणि भिंतींवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती वाचून हजारो रुपये घालवतात. तो बहुधा प्रोस्टेटचाच स्राव असतो आणि त्याने शक्ती जात नाही. वीर्यस्खलनानेही प्रोस्टेटला अपाय होत नाही. प्रोस्टेटायटिस सहसा पत्नीला लागत नाही. गनोरिया किंवा क्लॅमिडिया यांसारखा लैंगिक संसर्ग आढळला तरच दोघांनी एकत्र उपचार घ्यावेत. झोप उडाली असेल, मन उदास असेल, तर त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेणे हा याच उपचाराचा भाग आहे.

सुधारणा मोजण्यासाठी याच आजारासाठी तयार केलेली ० ते ४३ गुणांची प्रश्नावली आहे. तीत वेदनेला २१, लघवीच्या तक्रारींना १० आणि दैनंदिन जीवनावरील परिणामाला १२ गुण असतात. सहा गुणांची घट झाली तर उपचार लागू पडतो आहे असे मानतात. दर चार-सहा आठवड्यांनी ती भरून डॉक्टरांना दाखवावी, म्हणजे एका वाईट दिवसावरून औषध बदलले जात नाही.

शेवटी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाण मोजणाऱ्या रक्ततपासणीविषयी. सूज असताना हा आकडा बराच वाढतो आणि अहवाल हाती पडताच घरात कर्करोगाची चर्चा सुरू होते. संसर्गाच्या ऐन भरात पीएसए शक्यतो करूच नये. केले गेले असल्यास उपचार पूर्ण झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून ते पुन्हा करावे, आणि तेव्हाही आकडा चढाच राहिला तर एमआरआय आणि बायोप्सी यांचा निर्णय मूत्ररोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावा.