घोड्यांच्या शर्यतीची ‘सिस्टिम’ खरंच चालते का? तपासायची वही अशी ठेवा

सोलापुरात रेसकोर्स नाही. तरी जुलैत पुण्याचा सीझन सुरू झाला की नव्या पेठेत चहा पिताना कुणाच्या तरी खिशातून रेसचं कार्ड, म्हणजे त्या दिवशीच्या शर्यतींची आणि घोड्यांची यादी निघते, आणि पाठोपाठ ‘माझी सिस्टिम’, म्हणजे कुठल्या घोड्यावर पैसे लावायचे ते ठरवणारा नियम, हे शब्द ऐकू येतात. मी मार्केट यार्डातल्या अडत दुकानात बरीच वर्षं कीर्द-खतावणी लिहिली, त्यामुळे कुणी ‘फायद्यात आहे’ म्हणालं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : वही दाखव.

माझा एक मित्र यंत्रमाग कारखान्यात जॉबर होता. त्याचा नियम साधा. मागच्या शर्यतीत दुसरा आलेला, महिन्याभरात परत धावणारा आणि फेव्हरिट (सगळ्यात जास्त पैसे लागलेला, म्हणून सगळ्यात कमी भावाचा) असलेला घोडा विनला, म्हणजे पहिला येईल म्हणून लावायचा. वर्षभर फायद्यात आहे, असं तो मनापासून सांगायचा. वही नव्हती. लागलेले घोडे त्याला जॉकीच्या नावासकट तोंडपाठ होते, न लागलेले मात्र आठवून आठवून काढावे लागले. तो खोटं बोलत नव्हता. माणसाची आठवण जमेची बाजू जपते आणि नावेची बाजू विसरते, म्हणून तर व्यापाऱ्याने कीर्द शोधून काढली. पुढचे दोन सीझन आम्ही दोघांनी मिळून, एक रुपयाही न लावता, फक्त कागदावर त्या नियमाची वही ठेवली. तुम्हीही सुरुवात कागदावरच करा. सिस्टिम खरी असेल तर ती कागदावरही दिसते.

नियम आधी लिहा, आणि असा लिहा की दुसऱ्यालाही तोच घोडा सापडेल

वहीच्या पहिल्या पानावर सिस्टिमचा नियम लिहायचा. ‘फॉर्मातला घोडा’, ‘हलकी शर्यत’ असले शब्द तिथे चालणार नाहीत. मित्राच्या नियमातसुद्धा आम्हाला चार भोकं सापडली. महिना म्हणजे ३० दिवस की ३१? फेव्हरिट सकाळच्या अंदाजाचा की शर्यत सुटतानाच्या भावाचा? दोन घोडे एकाच भावाने फेव्हरिट असले तर? आयत्या वेळी जॉकी बदलला तर? प्रत्येकाचं उत्तर ठरवून लिहिलं. परीक्षा अशी घ्या : नियम आणि कार्ड घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. त्याने तुमचाच घोडा काढला तर नियम पक्का.

मध्येच नियम सुधारावासा वाटेल. सुधारा, पण त्या दिवसापासून नवं खातं उघडा. जुन्या खात्यातल्या हरलेल्या नोंदी ‘नव्या नियमात बसत नाहीत’ म्हणून खोडायच्या नाहीत.

नोंद शर्यतीच्या आधी

या लेखातली एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा. घोड्याचं नाव शर्यत सुटण्याआधी वहीत हवं, शाईने आणि वेळेसकट. निकाल बघून ‘हा तर माझ्या नियमात बसत होता’ असं लिहिलेली नोंद म्हणजे लिलाव संपल्यावर लिहिलेला भाव. मी दुकानात होतो तेव्हा भाव लिलावातच टिपला जायचा, नंतर कुणाचंही ऐकून तो बदलत नसे. त्याच शिस्तीने आम्ही शर्यतीआधी एकमेकांना मोबाइलवर निवड पाठवत असू. संदेशावर वेळ आपोआप पडते, ती वाद मिटवते.

आणि नियमात बसणारा प्रत्येक घोडा लिहायचा. ‘आज मन होत नव्हतं’ म्हणून सोडलेला घोडा हरला तर तो विसरला जातो, जिंकला तर वर्षभर सांगितला जातो.

रकाने कोणते

अनुक्रमांक, तारीख, पुणे की मुंबई, शर्यतीचा क्रमांक, अंतर मीटरमध्ये, वर्ग, किती घोडे धावले, निवडलेला घोडा, नोंदीची वेळ, सुटतानाचा भाव, कितवा आला, टोटचा (क्लबच्या पैज-खिडकीचा) डिव्हिडंड म्हणजे जिंकलेल्या तिकिटावर मिळणारी रक्कम, लावलेली रक्कम, परत आलेली रक्कम, चालू शिल्लक आणि शेवटी शेरा. पावसाळ्यात पुण्याची माती रोज वेगळी असते, म्हणून मैदानाचं पेनिट्रोमीटरचं (जमीन किती मऊ ते मोजणाऱ्या उपकरणाचं) माप शेऱ्यात टाकलं तर पुढे उपयोगी पडतं. याहून जास्त रकाने आखू नका. भरायचा कंटाळा आला की वही बंद पडते.

कार्ड आणि निकाल रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या संकेतस्थळावर मिळतात. पुणे आणि मुंबईचा महालक्ष्मी, दोन्ही रेसकोर्स हाच क्लब चालवतो. पुण्याचा हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर, मुंबईचा नोव्हेंबर ते एप्रिल. दोन्हींची पानं वेगळी ठेवा.

डिव्हिडंड नीट वाचा

निकालात ‘२७ (विन), १३, १६, १८ (प्लेस)’ असं छापलेलं असतं. प्लेस म्हणजे घोडा पहिल्या काही क्रमांकांत येण्यावरची पैज. हे आकडे १० रुपयांच्या तिकिटाचे. २७ म्हणजे हातात येणारे एकूण २७ रुपये, त्यात तुमचे १० धरलेले आहेत. नफा १७. हे २७ सरळ नफा म्हणून जमेला धरणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि तेवढ्या एका चुकीने तोट्यातली सिस्टिम वहीत नफ्यात दिसते.

बुकीचा, म्हणजे स्वतः भाव देऊन पैज घेणाऱ्याचा भाव वेगळा आणि टोटचा डिव्हिडंड वेगळा. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, त्यातून ठरलेली कपात जाते आणि उरलेलं जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटलं जातं. म्हणून डिव्हिडंड शर्यत संपल्यावरच कळतो. वहीत हिशेब दोन्हीपैकी एकाचाच धरा. ज्या दिवशी जे जास्त मिळालं ते लिहायचं, असं केलं तर ती वही कुणाचीच नाही. घोडा शर्यतीआधी काढून घेतला गेला तर टोटचं तिकीट परत मिळतं, तेव्हा नोंद ठेवा पण रक्कम शून्य. दोन घोड्यांची बरोबरी झाली तर डिव्हिडंड तसा विभागूनच जाहीर होतो, तोच लिहायचा. जॉकीचं वजन होऊन निकाल पक्का होईपर्यंत रकाना मोकळा ठेवा. हरकत मान्य झाली तर पहिला आलेला घोडा दुसरा होऊ शकतो.

रक्कम सगळीकडे सारखी

प्रत्येक नोंदीला १०० रुपये. खात्री वाटली म्हणून ५०० नाही. रक्कम बदलली की तपासणी सिस्टिमची राहत नाही, तुमच्या त्या दिवशीच्या मनाची होते.

हरल्यावर दुप्पट लावायची युक्ती तर वहीत येऊच देऊ नका. १०० पैकी ३२ वेळा लागणारी सिस्टिम घ्या. २०० पैजांमध्ये सलग १०-११ हार ही तिच्यात नेहमीची गोष्ट आहे. १०० पासून दुप्पट करत गेलात तर ११ हारींत २,०४,७०० रुपये गेलेले असतात आणि बारावी पैज २,०४,८०० ची लावावी लागते. कशासाठी? मूळचे १०० मिळवण्यासाठी, तेसुद्धा भाव बरोबरीचा, म्हणजे १०० ला १०० नफा असा असेल तर.

पट्टी लिहा, नुसता भाव नको

कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला विचारा, त्याला बाजारभावात रस असतो तो पट्टी, म्हणजे अडत्याने दिलेला हिशेबाचा कागद, हातात पडेपर्यंत. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन जे उरतं ते त्याचं. इथेही तसंच. शर्यतीच्या पैजेवर जीएसटी लागतो. २०१७ पासून तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे, आणि तो पैजेच्या पूर्ण रकमेवर धरला जातो. म्हणून ‘लावलेली रक्कम’ या रकान्यात तिकिटासाठी खिशातून जे गेलं ते सगळं लिहा. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन लावणार असाल तर जाण्यायेण्याचं भाडं आणि प्रवेशाचे पैसेही त्याच पानावर यायला हवेत.

प्राप्तिकर याहून कडक आहे. शर्यतीत जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आणि वर उपकर. हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत. एका तिकिटावर १०,००० रुपयांच्या वर जिंकलात तर कर तिथेच कापला जातो. म्हणजे वर्षाअखेर वही तोटा दाखवत असली तरी कर द्यावा लागू शकतो. त्यासाठी वेगळा रकाना ठेवा.

कायद्याचंही इथेच सांगतो. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. पण ती मोकळीक परवाना असलेल्या रेसकोर्सपुरती आहे. गल्लीत बसून फोनवर पैज घेणारा बुकी बेकायदाच, आणि त्याच्याकडे लावणाराही अडकतो.

आता हिशेब

समजा ५० पैजा झाल्या, प्रत्येकी १०० प्रमाणे ५,००० लावले. १६ घोडे लागले आणि सरासरी डिव्हिडंड २७. परत आले १६ × २७० = ४,३२०. तोटा ६८०, म्हणजे लावलेल्याच्या १३.६ टक्के.

बरोबरी गाठायला किती घोडे लागायला हवेत? १० ला २७ ने भागा. ३७ टक्के. आपले ३२ टक्केच लागले. आता कर मिळवा. १०० चं तिकीट १४० ला पडत असेल तर भागाकार १४ भागिले २७ असा होतो आणि उत्तर येतं ५२ टक्के. शंभरातले ३७ लागणारा नियम शोधणं अवघड, त्याच भावात ५२ लागणारा मला अजून कुणी वहीसकट दाखवलेला नाही. हा भागाकार सिस्टिम सांगणाऱ्या प्रत्येकाला करून दाखवावा असं मला कळकळीने वाटतं, कारण त्यात घरचे पैसे जातात.

किती नोंदींनंतर विश्वास ठेवायचा

याच उदाहरणात १६ ऐवजी १९ घोडे लागले असते तर परत आले असते ५,१३०. म्हणजे तीन घोड्यांनी तोट्याचा नफा होतो. म्हणून ५० नोंदींवर काहीच ठरवू नका.

हे मोजायची रीत सोपी आहे. पैजांची संख्या, लागण्याचं प्रमाण आणि न लागण्याचं प्रमाण यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. ५० × ०.३७ × ०.६३ चं वर्गमूळ सुमारे ३.४, दुप्पट ७. म्हणजे ना नफा ना तोटा असलेली सिस्टिमसुद्धा ५० पैजांत नुसत्या योगायोगाने १२ घोडे देईल किंवा २५ देईल. १२ लागले तर ३५ टक्के तोटा, २५ लागले तर ३५ टक्के नफा. सिस्टिम तीच, माणूस मात्र एकदा तिला शिव्या देईल आणि एकदा नोकरी सोडायचा विचार करेल. १,००० नोंदींवर हाच फरक वर-खाली ८ टक्क्यांवर येतो. मित्राच्या नियमात बसणारे घोडे एका सीझनमध्ये इतके थोडे निघाले, की हजार व्हायला किती वर्षं लागतील याचा हिशेब करून तो स्वतःच गप्प झाला.

शेवटी एक सापळा. वही तोट्यात दिसली की तिचे तुकडे करायचा मोह होतो : १,२०० मीटरला नफा आहे, रविवारी नफा आहे, अमुक जॉकी असताना नफा आहे. वीस तुकडे केले की एखाद-दुसरा योगायोगाने नफ्यात निघणारच. असा तुकडा सापडला तर तो नवा नियम म्हणून नव्या पानावर लिहा आणि पुढच्या सीझनला शून्यापासून कागदावर तपासा. आम्ही ‘ओल्या मैदानावरचा दुसरा’ असा एक तुकडा काढला होता. पुढच्या पावसाळ्यात तो मूळ खात्यापेक्षाही खाली गेला.

पुण्याची शेवटची शर्यत झाली की पान बंद करा. लावलेले, परत आलेले, कर आणि भाडं यांच्या बेरजा मारा, दोघांनी स्वतंत्र मेळ घाला आणि खाली सह्या करा. मुंबईसाठी नवं पान घ्या, आणि त्याच्या पहिल्या ओळीत मागची शिल्लक, वजा असली तरी, ओढून लिहा.