टॅबवरची चित्रं ऑनलाइन विकायची आहेत? नाशिकच्या चित्रकारांसाठी पायरीपायरीने

टॅबवर सुरेख चित्रं काढणारी मुलंमुली नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. चित्र इन्स्टाग्रामवर जातं, वाहवा मिळते आणि गोष्ट तिथेच थांबते. तेच चित्र डिजिटल फाइल म्हणून कितीही वेळा विकता येतं. पण विक्रीची तयारी चित्राइतक्याच मन लावून करावी लागते, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

आधी मालिका ठरवा

एका चित्राचं दुकान ओकंबोकं दिसतं. एकाच विषयाची, एकाच रंगसंगतीची आठ-दहा चित्रं तयार झाल्यावरच दुकान उघडा. विषय शोधायला लांब जायला नको. पुराचं पाणी कुठवर आलं हे ज्याच्याकडे बघून नाशिककर सांगतात तो दुतोंड्या मारुती, नारोशंकराची घंटा, पांडवलेणी, द्राक्षांचे मांडव, येवल्याच्या पैठणीवरचा मोर. २०२७च्या सिंहस्थामुळे घाटाच्या चित्रांकडे लोकांचं लक्ष जाणारच आहे, तेव्हा त्या मालिकेला आत्ताच हात घाला.

मात्र गुगलवरचा फोटो गिरवू नका. त्या फोटोचा हक्क फोटोग्राफरचा असतो. स्वतः घाटावर जा, स्वतः फोटो काढा, त्यावरून चित्र करा. वारली शैलीबाबतही जपून. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे आणि ती एका समाजाची कला आहे. आपल्या चौकटीत त्रिकोणी माणसं काढून त्याला ‘अस्सल वारली’ म्हणून विकणं मला सरळ चूक वाटतं.

कॅनव्हासचं माप चित्राआधी

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. छपाईसाठी ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. १६ × २४ इंचांच्या चित्राला ४८०० × ७२०० पिक्सेलचा कॅनव्हास हवा. छोट्या कॅनव्हासवर काढून नंतर ताणलं तर रेषा फुटतात, आणि गिऱ्हाइकाने फ्रेम करून भिंतीवर लावल्यावर ते लगेच दिसतं. कॅनव्हास मोठा केला की काही ॲप्समध्ये लेयर (चित्राचे एकावर एक थर) कमी मिळतात, तेव्हा पूर्ण झालेले लेयर एकत्र करत पुढे जा.

दुसरी अडचण फ्रेमची. परदेशात फ्रेम ठरावीक मापांच्या मिळतात. १६ × २४ चं चित्र १६ × २० मध्ये बसवायचं तर उंचीतले चार इंच जातात. घाटावरच्या देवळाचं चित्र असेल तर वरून कळस तरी उडतो, नाहीतर खालून पाण्यातलं प्रतिबिंब. म्हणून नुसतं कापू नका. रुंदी-उंचीच्या प्रत्येक प्रमाणासाठी आकाश किंवा पाणी थोडं कमी-जास्त करून चित्र पुन्हा मांडा. २:३, ३:४, ४:५, ११ × १४ इंच आणि ए-मालिका (ए४, ए३ वगैरे) अशा पाच फाइल केल्या की बहुतेक फ्रेमा आल्या. एट्सी या ऑनलाइन बाजारात एका लिस्टिंगला (विक्रीला ठेवलेल्या एका वस्तूच्या पानाला) पाचच फाइल चढतात, प्रत्येकी २० एमबीपर्यंत. फाइल जेपीईजी आणि रंगपद्धत एसआरजीबी (स्क्रीनची नेहमीची) ठेवा. विकण्याआधी शहरातल्या एखाद्या चांगल्या डिजिटल प्रिंटवाल्याकडून एक प्रिंट काढून बघा. स्क्रीनवर झळाळणारा गडद निळा कागदावर काळपट उतरतो.

दुकान कुठे?

भिंतीवर लावायच्या चित्रांसाठी एट्सीपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण गिऱ्हाईक तिथे शोधतच आलेलं असतं. गमरोड या थेट फाइल विकायच्या साइटवर गिऱ्हाईक तुम्हालाच आणावं लागतं, त्यामुळे फॉलोअर असतील तरच ते सोयीचं. द्राक्षवेली, रांगोळीचे नमुने यांसारखी कुठेही वापरता येणारी कामं ॲडोबी स्टॉक या चित्रं वापराच्या परवान्यावर विकणाऱ्या साइटला द्या, तिथे चित्रांवर ३३ टक्के रॉयल्टी मिळते. टीशर्ट-मगवर छापून हवं असेल तर रेडबबल.

लिस्टिंग लिहिताना

‘दुतोंड्या मारुती’ हे नाव न्यू जर्सीतला नाशिककर शोधेल, टेक्सासमधली अमेरिकन बाई शोधणार नाही. ती ‘इंडियन टेंपल वॉल आर्ट’ असं काहीतरी टाइप करते. म्हणून शीर्षकात सर्वसाधारण शब्द आधी, ‘नाशिक’ आणि ‘गोदावरी’ त्यानंतर, आणि मारुतीची गोष्ट वर्णनात दोन-तीन वाक्यांत. ही फक्त डिजिटल फाइल आहे, घरी काही पोचणार नाही, हे वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहा. फाइल फक्त वैयक्तिक वापरासाठी आहे हेही लिहा. एआय वापरलं असेल तर तसं सांगणं एट्सीवर बंधनकारक आहे.

दाखवायच्या फोटोंत मूळ चित्र पूर्ण रिझोल्यूशनमध्ये कधीच टाकू नका. खोलीतल्या भिंतीवर लावलेलं दिसेल असे मॉकअप ठेवा, शिवाय ब्रशचे फटकारे दिसतील असा एक जवळचा तुकडा.

पैसे आणि हक्क

एट्सी प्रत्येक लिस्टिंगला चार महिन्यांसाठी २० सेंट घेते आणि विक्रीवर साडेसहा टक्के. ६ डॉलरच्या चित्रामागे हे ५९ सेंट झाले. पेमेंटचा खर्च आणि रुपयांत बदलतानाची घट वेगळी. त्यामुळे एक डॉलरला चित्र ठेवण्यात अर्थ नाही. तीन चित्रांचा संच करून किंमत वाढवणं बरं.

ही मिळकत करपात्र आहे. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपा आणि जीएसटीबद्दल सीएला एकदा विचारून घ्या. चित्र काढताक्षणीच त्याचा कॉपीराइट तुमचा होतो. १९५७च्या कायद्यानुसार तो हयातभर आणि पुढे ६० वर्षं टिकतो, नोंदणी ऐच्छिक आहे. तरी मूळ लेयरवाली फाइल तारखेसह दोन ठिकाणी ठेवा, कारण कोणी चित्र चोरलं तर तक्रार करताना तीच पुरावा म्हणून कामी येते.

पहिली ऑर्डर आली की बहुधा एक निरोपही येईल, ‘फाइल उघडत नाही.’ गिऱ्हाइकाला कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमधून डाउनलोड करायला सांगा, आणि कोणत्या फ्रेमला कोणती फाइल घ्यायची हे त्याच उत्तरात लिहून पाठवा.