बॅट विसरा, सात नंबर उचला

तीस वर्षं ऑफिसच्या टीममध्ये क्रिकेट खेळलो. त्यामुळे जागेवर गप पडलेला चेंडू मारायला काय लागतं, असा माज होता. गोल्फच्या सरावाला पहिल्या दिवशी सात नंबरचा क्लब (गोल्फची काठी) आणि पन्नास चेंडूंची बादली घेतली. निम्मे सरपटत गेले, बाकीचे उजवीकडच्या जाळीत. वर उजव्या तळव्याला फोड. कॅडीने (क्लब उचलणाऱ्या मदतनीसाने) फोड बघितला आणि म्हणाला, "साहेब, बॅट धरलीय तुम्ही."

म्हणून सुरुवात पकडीपासून. (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी सांगतोय.) ग्लोव्ह डाव्या हातात. दांडा तळव्यात नाही, बोटांच्या मुळाशी धरायचा. खाली बघितलं की डाव्या मुठीचे दोन उंचवटे दिसले पाहिजेत. डावा अंगठा उजव्या तळव्याखाली झाकला जातो. उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर टेकवली की ती व्हार्डन पकड. जॅक निकलस आणि टायगर वुड्स हे दिग्गज गोल्फपटू मात्र ती करंगळी तर्जनीत अडकवतात. माझी बोटं आखूड, मीही अडकवतो. साम्य तेवढंच! आणि आवळू नका. सोललेलं केळं धरल्यासारखं धरा.

पाय खांद्याइतके फाकवा, चेंडू मधोमध, कंबरेतून वाका.

पहिले पंधरा दिवस फक्त अर्धा स्विंग. हात घड्याळातल्या नऊपर्यंत मागे, तीनपर्यंत पुढे. एक नॅपकिन छातीवरून आडवा घेऊन दोन्ही काखांत दाबून धरा. तो पडला, तर छाती वळली नाही, नुसते हात फिरले. माझा पहिल्या आठवड्यात सारखा पडायचा.

चेंडू उचलायला जाऊ नका, हा क्रिकेटवाल्यांचा हमखास रोग. सात नंबरच्या पात्याला मुळातच उतार असतो, वर न्यायचं काम तो करतो. आधी चेंडू, मग त्याच्या पुढची माती. हिरवळीचा तुकडा चेंडूच्या मागून निघाला, तर वजन उजव्या पायावरच राहिलंय. आणि जोर कशाला? गोल्फचा चेंडू जेमतेम 46 ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूच्या एक तृतीयांशही नाही.

घरी गच्चीवर एक करा. क्लब उलटा धरा, पात्याकडून, आणि हवेत फिरवा. सूं आवाज कुठे येतो ते ऐका. उजव्या पायापाशी आला, तर घाई झाली, ताकद आधीच संपली. तो चेंडूच्या जागेच्या पुढे, डाव्या पायाकडे आला पाहिजे. परत येताना आधी कंबर वळते, हात मागून येतात. शेवटी पोट लक्ष्याकडे, उजवी टाच वर, आणि तीन आकडे मोजेपर्यंत तसंच उभं राहायचं. तोल गेला, तर पुढचा चेंडू हळू मारा.

मी अजून दोनपर्यंतच पोचतो.