जनावरांसाठी जवळचा दवाखाना कसा निवडावा

जनावर आजारी पडल्यावर दवाखाना शोधायला निघू नये, हे मला सर्वांत आधी सांगावेसे वाटते. गाईचे पोट फुगले, म्हैस व्यायला अडली, बोक्याची लघवी तुंबली किंवा कुत्र्याच्या पिल्लाला रक्ताची हगवण लागली, तर हाताशी मोजके तास असतात, आणि त्या तासांत माणूस जो पहिला फोन उचलेल त्याच्याकडे धावत सुटतो. म्हणून जनावर धडधाकट असतानाच, लसीच्या किंवा जंताच्या औषधाच्या निमित्ताने, परिसरातले दोन-तीन दवाखाने स्वतः जाऊन पाहून ठेवावेत. आमचे घर सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आहे. घरी एक कुत्री आणि दोन मांजरे, तर शेतावर दोन गाई आणि चार शेळ्या आहेत. त्यामुळे पुढचा मजकूर शहरी क्लिनिक आणि गुरांचा दवाखाना या दोन्हींना धरून लिहिला आहे.

चौकशी कोणाकडे करावी, हेही महत्त्वाचे आहे. मोबाइलवर दिसणाऱ्या ताऱ्यांपेक्षा दूध संकलन केंद्रावर सकाळी भेटणारे गोठेवाले, वर्षानुवर्षे शेळ्या पाळणाऱ्या बायका आणि गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांवर पदरमोड करून उपचार करणारी माणसे अधिक खरे सांगतात, कारण त्यांनी तोच डॉक्टर अनेकदा, अनेक आजारांत पाहिलेला असतो. त्यांना नुसते ‘डॉक्टर चांगला आहे का’ असे विचारू नये. शेवटचे जनावर दगावले तेव्हा डॉक्टर कसे वागले, त्यांनी कारण नीट समजावून सांगितले का, हे विचारावे.

तपासणारी व्यक्ती कोण आहे

आपल्याकडे जनावराला सुई टोचणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणण्याची पद्धत आहे, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करण्यासाठी पशुवैद्यकशास्त्राची मान्यताप्राप्त पदवी आणि परिषदेकडील नोंदणी लागते. महाराष्ट्रात ही नोंदणी नागपूर येथील महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे होते. पाटीवर किंवा औषधाच्या चिठ्ठीवर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी आणि नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे. पुढे एम.व्ही.एस्सी. असेल, तर ती शल्यचिकित्सेत आहे, औषधशास्त्रात आहे की पशुप्रजननात, हे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या गाईसाठी प्रजननातला जाणकार हवा आणि मोडलेल्या पायासाठी शल्यचिकित्सक.

पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकांविषयी माझ्या मनात आदर आहे, कारण खेड्यापाड्यांत उन्हापावसात लसीकरणाचा आणि कृत्रिम रेतनाचा मोठा भार त्यांनीच वाहिला आहे. तथापि कायद्याने त्यांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्याची मुभा आहे. शस्त्रक्रिया, अडलेले बाळंतपण किंवा न उमगणारा ताप हे त्यांचे क्षेत्र नव्हे. सरकारी दवाखान्यांची श्रेणी-१ आणि श्रेणी-२ अशी जी विभागणी चालत आली आहे तिचा आधारही हाच आहे: श्रेणी-१ मध्ये पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतात, तर श्रेणी-२ चा दवाखाना बहुधा पदविकाधारकांच्या हाती असतो. आपल्या गावच्या दवाखान्यात पदवीधर अधिकारी कोणत्या वारी आणि किती वाजता भेटतात, हे आत जाऊन विचारून घ्यावे. विम्याच्या दाव्यासाठी लागणारा मृत्यूचा दाखला आणि शवविच्छेदनाचा अहवालही नोंदणीकृत पशुवैद्यकाचाच लागतो, ही गोष्ट अनेकांना जनावर गेल्यानंतर कळते.

पाळीव प्राण्यांचे खाद्य आणि पट्टे विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत मिळणारी स्वस्त लस मात्र सरळ नाकारावी.

तपासणीकडे नीट लक्ष द्यावे

दवाखान्याची पारख करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे डॉक्टर औषधाला हात घालण्यापूर्वी काय करतात ते पाहणे. गाय पाहायला आलेले चांगले डॉक्टर आधी विचारतात: रवंथ कधीपासून थांबले, शेण कसे पडते, दूध किती घटले, वेत कितवे, गाभण असेल तर कितवा महिना, चाऱ्यात काही बदल केला का. मग गुदद्वारात तापमापक ठेवून ताप पाहतात, डाव्या भकाळीवर मूठ दाबून पोटाची हालचाल अजमावतात, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते बघतात, मानेजवळच्या आणि मांडीपुढच्या गाठी चाचपतात, आणि दुभत्या जनावराची कास दाबून दुधाच्या पहिल्या धारा डोळ्यांनी पाहतात. कुत्र्या-मांजराच्या बाबतीत आधी वजन झाले पाहिजे, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते. ज्या क्लिनिकमध्ये वजनकाटाच नाही किंवा असून कोपऱ्यात पडलेला आहे, तिथे मात्रा अंदाजाने दिली जाते असे समजावे. हिरडी बोटाने दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो हे पाहणारा डॉक्टर दिसला, तर मला त्याच्याविषयी लगेच विश्वास वाटतो. कुत्र्याचे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट तापमान स्वाभाविक असते, हे मालकालाही ठाऊक असावे, म्हणजे विनाकारण घाबरगुंडी उडत नाही.

आमच्या संकरित गाईला एकदा ताप आला होता. बोलावलेल्या डॉक्टरांनी गोठ्याच्या दारातूनच तिच्याकडे पाहिले, तीन इंजेक्शने दिली आणि पाच मिनिटांत ते निघून गेले. ताप उतरला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चढला. गाय वैरणीला तोंड लावेना. दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्या गाठी चाचपल्या, कानामागचे गोचीड आम्हाला दाखवले, कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून थायलेरियाचा गोचीड ताप असल्याचे सांगितले. त्यावरचे नेमके औषध, बुपार्व्हाक्वोन, मिळाल्यावर गाय वाचली, पण त्या वेतातले तिचे दूध काही परत आले नाही. पहिल्या दिवशी रक्त तपासले असते तर काय झाले असते, हा प्रश्न आजही मनातून जात नाही. यात आमचाही दोष होता: इंजेक्शन टोचल्याशिवाय उपचार झाल्यासारखे आम्हालाच वाटत नसे. डॉक्टर जेव्हा ‘आज काही द्यायची गरज नाही, उद्या सकाळी ताप पाहून कळवा’ असे म्हणतात, तेव्हा ते कामचुकारपणा करत नसून जनावराच्या आणि आपल्या खिशाच्या हिताचा विचार करत असतात.

निदानासाठी काय सोय आहे, हे त्याच ओघात विचारावे. लहान दवाखान्यात सर्व यंत्रे असतील अशी अपेक्षा नाही. परंतु सूक्ष्मदर्शक असावा, रक्त व शेणाचे नमुने कोणत्या प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल किती दिवसांनी येतो हे सांगता यावे, आणि एक्स-रे किंवा सोनोग्राफी जवळ कुठे होते हे ठाऊक असावे.

चिठ्ठी, दूध आणि गिधाडे

दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव आणि मात्रा लिहून मिळालीच पाहिजे, मग ते डॉक्टरांनी स्वतःच्या पिशवीतून काढून दिलेले का असेना. लेखी काही न देणाऱ्या दवाखान्याचा मोठा तोटा असा की पुढच्या डॉक्टरांना आधी काय दिले होते हे कळत नाही. दुभत्या जनावराला प्रतिजैविक दिले असेल, तर किती दिवस दूध डेअरीला घालू नये आणि घरात वापरू नये, हे डॉक्टरांनी आपण न विचारता सांगायला हवे.

वेदनाशामकाचे नाव तर आवर्जून विचारावे. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते औषध दिलेल्या जनावराचे मढे खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात. याच कारणासाठी २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक यांच्यावरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित ठरलेला पर्याय सहज मिळतो. माणसांसाठीची डायक्लोफिनॅकची बाटली फोडून बैलाला टोचणाऱ्याकडे मी माझे जनावर नेणार नाही. मांजर पाळणाऱ्यांसाठीही अशीच एक कसोटी आहे: पॅरासिटॅमॉल मांजराच्या जिवावर उठते, त्यामुळे तापाला ‘अर्धी गोळी द्या’ असे फोनवरून सांगणारे क्लिनिक त्याच क्षणी यादीतून काढून टाकावे.

लस कुठे आणि कशी ठेवली आहे

लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात, आणि आमच्या भागात वीज किती वेळ जाते हे कोणाला सांगायला नको. म्हणून दवाखान्यातील फ्रिजला इन्व्हर्टरची जोड आहे का, आणि गोठ्यावर येताना लस बर्फाच्या डब्यातून येते की शर्टाच्या खिशातून, हे पाहावे. कुत्र्या-मांजराच्या लसीकरण पुस्तिकेत बाटलीवरचे लेबल चिकटवून तारीख, सही आणि नोंदणी क्रमांक टाकला जातो. कोऱ्या जागेत नुसती तारीख लिहून देणाऱ्या ठिकाणी लेबल मागून घ्यावे. पिल्लाचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतो, त्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीजची लस, असे वेळापत्रक डॉक्टर स्वतः लिहून देतात. गुरांसाठी लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी, शेळ्यांना पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार, यांची आठवण स्वतःहून करून देणारा सरकारी दवाखाना लाभला असेल, तर तो टिकवून धरावा. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा गोठ्यांच्या याद्या तयार असणे किती उपयोगी पडते हे आम्ही पाहिले. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक त्यासाठीच नोंदलेला असतो. त्याला जनावराला होणारा त्रास समजून टाळाटाळ करू नये.

जागा पाहताना संगमरवरी फरशी आणि वातानुकूलन यांवर भुलू नये. पार्व्होच्या हगवणीने आजारी असलेले पिल्लू आणि लसीसाठी आलेले पिल्लू एकाच बाकाखाली बसत असतील, तर तिथूनच रोग घरी येतो. म्हणून आजारी जनावरांसाठी वेगळी जागा आहे का आणि तपासणीचे टेबल प्रत्येक वेळी जंतुनाशकाने पुसले जाते का, हे पाच मिनिटे बसून पाहावे. गुरांच्या दवाखान्यात मजबूत खोडा, पाणी आणि टेम्पोतून जनावर उतरवायला उतार हवा. वापरलेल्या सुया आणि रक्ताळलेला कापूस उघड्या गटाराशेजारी पडलेला दिसला, तर आत जाण्याची गरज नाही.

नसबंदीसारखी ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल, तर भूल कोण देणार, भुलीत श्वासावर आणि ठोक्यांवर लक्ष कोण ठेवणार आणि जनावर पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याला कुठे ठेवणार, हे तीन प्रश्न विचारावेत. खर्चाचा अंदाजही आधीच मागावा. तो सांगताना अवघडून न जाणारे डॉक्टर नंतरच्या बिलातही सहसा सरळ असतात.

रात्रीची वेळ आणि पुढचा दवाखाना

‘रात्री दोन वाजता गाय अडली तर काय करायचे?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. ‘मी येईन’ हेच उत्तर हवे असा हट्ट नको, कारण तोही माणूस आहे. परंतु ‘मी नसेन तेव्हा अमुक डॉक्टरांना फोन करा’ असे स्पष्ट उत्तर मिळायला हवे. १९६२ या शुल्कमुक्त क्रमांकावरून फिरते पशुवैद्यकीय पथक मागवता येते, मात्र आपल्या तालुक्यात ते कोणत्या वेळेत येते हे आधी फोन करून जाणून घ्यावे.

आपल्या आवाक्याबाहेरचे काम कोणते, हे जो सांगतो तो डॉक्टर मला सर्वांत मोलाचा वाटतो. आमच्या कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी ‘हे माझ्या टेबलावर होणार नाही, आजच शिरवळला न्या’ असे सांगून पत्र लिहून दिले, आणि ती वाचली. शिरवळप्रमाणेच परळ, नागपूर, परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयांत आणि अकोल्याच्या पदव्युत्तर संस्थेत विविध शाखांचे तज्ज्ञ एकाच आवारात भेटतात. मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. आपला दवाखाना यांपैकी कोणाकडे जनावर पाठवतो आणि त्यासाठी गाडी कोणाची मिळते, हे आधीच ठरलेले असावे.

डॉक्टर बदलावासा वाटला, तर भांडण न करता बदलावा. जुन्या चिठ्ठ्या, अहवाल आणि लसीची पुस्तिका मात्र सोबत घ्यावी, कारण ती जनावराची कागदपत्रे आहेत. आमच्या गोठ्यात खुंटीला एक वही टांगलेली असते. पहिल्या पानावर दोन डॉक्टरांचे क्रमांक, १९६२ आणि टेम्पोवाल्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. पुढच्या पानांवर प्रत्येक जनावराचा बिल्ला क्रमांक, रेतनाची तारीख, लस आणि दिलेली औषधे आहेत. रात्री कोणीही गोठ्यात असो, डॉक्टरांना फोन करताना त्याने ती वही हातात घ्यायची असते.